‘सोपें’ म्हणजे काय? बास गिटारच्या पहिल्या गाण्यांविषयीं

वाङ्मय असो वा संगीत असो, टीकाकाराच्या लेखणींतून ‘सोपें’ हा शब्द जितक्या सहजपणें उतरतो तितक्या सहजपणें त्याचा अर्थ मात्र कोणी सांगत नाहीं. अमुक कविता सुंदर कां, हें सांगण्यासाठीं ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. पण अमुक कविता सोपी कां, हा प्रश्न शाळेच्या क्रमिक पुस्तकाच्या संपादकावर सोंपवून टीकाकार मोकळे होतात. संपादक जोडाक्षरें मोजतो, ओळी मोजतो, आणि दोन्ही थोडीं दिसलीं कीं ‘सोपें’ असा शिक्का मारतो. या मोजणीचें फळ काय मिळतें हें ज्यांनीं वर्गांत शिकविलें आहे त्यांस सांगावयास नको. जोडाक्षर नसलेली ओवी मुलाला पहिल्या दिवशीं वाचतां येते, आणि तिचें मर्म त्याला पुष्कळदा पंचविसाव्या वर्षीं उमगतें. उलट, मोठमोठे शब्द असलेला एखादा पोवाडा तोच मुलगा दोन दिवसांत मुखोद्गत करून अंगणांत गर्जत सुटतो.

हाच प्रकार संगीताच्या एका अर्वाचीन शाखेंत चाललेला आम्हांस दिसतो. बास गिटार हें वाद्य हातीं घेणाऱ्या तरुणांची संख्या आपल्याकडेहि आतां उपेक्षणीय राहिलेली नाहीं. या तरुणाला पहिल्याच दिवशीं जें हवें असतें तें म्हणजे सोप्या गाण्यांची यादी. आणि अशा याद्यांचा तुटवडा मुळींच नाहीं. शिकवणीच्या वर्गांत, पुस्तिकांत, हौशी मंडळींच्या बैठकींत तींच तीं दहापंधरा नांवें फिरत असतात. यादी म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे एक प्रकारची टीकाच. म्हणून कवितासंग्रहाच्या संपादकाला आपण ज्या कसोटीस लावतों त्याच कसोटीस या याद्या लावून पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

परंतु यादीकडे वळण्यापूर्वीं या वाद्याचें काम काय तें पाहिलें पाहिजे. कारण कामच ठाऊक नसेल तर त्यांतलें सोपें कोणतें व अवघड कोणतें हें ठरणार कसें? बास गिटारला सामान्यतः चार जाड तारा असतात. ई, ए, डी आणि जी अशा स्वरांत त्या लावलेल्या असतात. म्हणजे आपल्या भाषेंत सांगावयाचें तर प्रत्येक तार तिच्या आधींच्या तारेच्या मध्यमांत बोलते. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांचेच हे स्वर, पण एक सप्तक खालीं. सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदाला सुमारें ४१ इतकींच असतात. पूर्वीं हें काम पुरुषभर उंचीचें, पडदे नसलेलें ‘डबल बास’ हें वाद्य करीत असे. विजेवर चालणारी आणि आडवी धरून वाजविण्याची पडद्यांची बास अमेरिकेंतील सिॲटल येथें पॉल टुटमार्क यानें १९३० नंतरच्या दशकांत केली होती. पण तिचा प्रसार झाला तो १९५१ मध्यें कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यानें ‘प्रिसिजन बास’ बाजारांत आणल्यावर. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. पडदे असल्यामुळें स्वर अचूक लागतो, एवढीच त्या नांवांतली प्रौढी.

आतां या वाद्याचें वाद्यवृंदांतलें काम. आपल्या ख्यालगायनांत तंबोरा गायकाला स्वराचा आधार देतो आणि तबलजी ठेक्यानें काळाचा आधार देतो. बासवादकाला हीं दोन्हीं कामें एकाच वेळीं आणि एकाच बोटानें करावीं लागतात. शिवाय तंबोऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाहीं. पाश्चात्य धर्तीच्या गाण्यांत आधाराचा स्वर दर चारआठ मात्रांनीं बदलतो, आणि तो बदलला हें श्रोत्याला सर्वांत अगोदर सांगण्याची जबाबदारी बासवादकाची असते. श्रोत्याला बहुधा बास ऐकूं येत नाहीं. ती थांबली म्हणजे मात्र कांहीं तरी ढासळल्याचें तत्काळ कळतें. ठेका धरणाऱ्याच्या वांट्याला येणारें श्रेय आणि अपश्रेय हें असें असतें.

या पार्श्वभूमीवर याद्यांकडे पाहिलें कीं पहिलाच चमत्कार नजरेस येतो. बहुतेक याद्यांत अग्रस्थान मिळविणारें ‘सेव्हन नेशन आर्मी’ हें २००३ चें गाणें बास गिटारवर वाजविलेलेंच नाहीं! ‘व्हाइट स्ट्राइप्स’ या जोडींत दोनच वादक होते, एक गिटारवाला व एक ढोल वाजविणारी. बासवादक कोणी नव्हताच. गिटारचाच आवाज एका यंत्रांतून एक सप्तक खालीं उतरवून जॅक व्हाइट यानें ती सुप्रसिद्ध ओळ वाजविली. ओळ चांगली आहे, यांत शंका नाहीं. फुटबॉलच्या मैदानांत हजारों प्रेक्षक ती शब्दांवांचून गातात, यावरून तिची पकड दिसतेच. पण तिच्यांत बासचें काम कोठें आहे? ती स्वतःच गाण्याची मुख्य चाल आहे. ती कोणाला आधार देत नाहीं, तर इतरांनीं तिला आधार द्यावयाचा असतो.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. ‘डीप पर्पल’ या मंडळीचें १९७२ चें ‘स्मोक ऑन द वॉटर’ हें गाणें घ्या. बास शिकणारा पोरगा पहिल्या आठवड्यांत याची सुरुवात वाजवून दाखवितो व घरच्यांची शाबासकी मिळवितो. पण तो जें वाजवितो तें गिटारवाल्याचें असतें. त्या गाण्यांत बासवादक रॉजर ग्लोव्हर हा प्रवेश करितो तेव्हां तो ती चाल वाजवीत नाहीं; तिच्याखालीं एकसारखे आघात देत तो लयीचा जोता बांधीत असतो. म्हणजे शिष्यानें बास हातीं घेऊन बासवादकाचें काम सोडून दिलें, आणि शेजाऱ्याचें काम उसनें आणलें. नाटकांत पहिल्या दिवशीं प्रॉम्प्टराची जागा मिळालेल्या मुलानें नायकाचें एक भाषण पाठ करून दाखवावें, तसाच हा प्रकार आहे. भाषण ठीक झालें. पण पडदा वर गेल्यावर नाटकाचें काय?

या याद्या ज्या मापानें गाणीं मोजतात तें माप आतां उघड झालें. बोटांना किती निरनिराळ्या जागा गांठाव्या लागतात, एवढेंच त्या पाहातात. स्वर थोडे, तर गाणें सोपें. क्रमिक पुस्तकाचा संपादक जोडाक्षरें मोजतो, हे स्वर मोजतात. हें माप अगदींच निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जाड तारा दाबून बोटांची कातडी सोलवटलेली असते, डावा हात पडद्यांवर ताणून धरावा लागतो, तारेची बोलणारी लांबी साध्या गिटारपेक्षां आठनऊ इंच अधिक म्हणजे सामान्यतः ३४ इंच असते. अशा वेळीं जागा थोड्या असणें ही दया आहेच. पण बासची खरी अडचण या मापांत सांपडत नाहीं. ती दोन ठिकाणीं असते: काळांत आणि मौनांत.

काळाचें उदाहरण म्हणून ‘यू टू’ या आयरिश मंडळीचें १९८७ चें ‘विथ ऑर विदाउट यू’ घेऊं. डी, ए, बी, जी हे चार स्वर, प्रत्येक स्वर चार मात्रांचा, आणि हेंच आवर्तन जवळजवळ संपूर्ण गाणेंभर. कागदावर याहून सोपें कांहीं असूं शकत नाहीं. पण ॲडम क्लेटन हा त्या प्रत्येक मात्रेचे दोन भाग करून प्रत्येक भागावर एक आघात देतो, आणि गाण्याची गति मिनिटाला सुमारें ११० मात्रांची आहे. म्हणजे मिनिटाला सुमारें २२० आघात, आणि गाणें जवळजवळ पांच मिनिटांचें. इतके आघात एकाच वजनाचे, एकाच अंतराचे, न घाई करतां व न रेंगाळतां द्यावयाचे. गायकाचा आवाज तार सप्तकांत चढूं लागला कीं नवशिक्याचा हात आपोआप धांवूं लागतो, आणि तिसऱ्या मिनिटाला मनगट भरून येतें. विलंबित ख्यालाला साधा ठेका धरणें किती कठीण असतें हें कोणत्याहि तबलजीस विचारावें. बोल थोडे म्हणून तें सोपें, असें तो खचित म्हणणार नाहीं.

मौनाचें उदाहरण म्हणजे ‘क्वीन’ या इंग्लिश मंडळीचें १९८० चें ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’. याचा कर्ता स्वतः बासवादक जॉन डीकन होय. म्हणून ही ओळ अस्सल बासची आहे याबद्दल वाद नाहीं. मुख्य ओळींत ई, जी आणि ए एवढे तीनच स्वर येतात. परंतु तिचा सगळा जीव त्या स्वरांमधल्या कापलेल्या जागांत आहे. आघात झाला कीं स्वर तेथल्या तेथें तोडावयाचा, तो मागें घुमत राहूं द्यावयाचा नाहीं. त्यासाठीं डाव्या बोटाचा दाब सैल करून तें तारेवर नुसतें टेंकवून ठेवावें लागतें, आणि उजव्या हातानें बाकीच्या तारा गप्प ठेवाव्या लागतात. नवशिक्या स्वर अचूक वाजवितो, पण तोडीत नाहीं. आणि मग ऐकणारास गाणें ओळखूं येतें, पण अंग हलत नाहीं. विरामचिन्हें गाळून वाचलेला उतारा जसा लागतो तसें तें लागतें. शब्द सारे बरोबर, अर्थ मात्र गेला.

याद्यांत वारंवार आढळणारें तिसरें नांव ‘पिंक फ्लॉइड’च्या ‘मनी’चें. हें गाणें १९७३ चें, आणि त्याची मुख्य ओळ सात मात्रांची आहे. पाश्चात्य विद्यार्थ्याला हें विषम आवर्तन बिचकविणारें वाटतें; उलट आपल्याकडे ज्याच्या कानीं लहानपणापासून रूपक पडलेला आहे त्याला सात मात्रांची धास्ती वाटण्याचें कारण नाहीं. मात्र मधल्या गिटारवादनाच्या भागांत गाणें एकदम चार मात्रांच्या चालीवर येतें व पुढें पुन्हां सातांवर जातें. येथें ज्याला आवर्तन मोजतां येत नाहीं तो हमखास पडतो. कोणतें गाणें सोपें हें शिकणाराच्या कानावर अगोदर काय पडलें आहे यावरहि अवलंबून असतें, ही गोष्ट यावरून ध्यानांत यावी. परक्या देशांत केलेली यादी जशीच्या तशी उचलण्यांत हाहि एक धोका आहे.

मग पहिलें गाणें निवडावें कसें? आमच्या मतें त्याला चार कसोट्या लावाव्या. पहिली, त्यांत बासनें बासचेंच काम केलेलें असावें, म्हणजे गायकाला वा इतर वाद्यांना आधार दिलेला असावा. दुसरी, तें आवर्तनाचें असावें. एक आवर्तन हातीं आलें कीं सारें गाणें हातीं यावें, आणि शिष्याला तें प्रारंभापासून शेवटपर्यंत वाजवितां यावें. तिसरी, आधारस्वर बदलण्याच्या जागा त्यांत कानाला स्वच्छ कळाव्या. चौथी, त्यांतली बास ध्वनिमुद्रणांत खरोखरच ऐकूं यावी. या शेवटच्या कसोटीचें कोणाला हसूं येईल. पण हल्लीं पुष्कळ विद्यार्थी खिशांतल्या टेलिफोनच्या इवल्याशा कर्ण्यावर गाणें ऐकतात, आणि त्या कर्ण्यांतून खालच्या तारेचा मूळ नाद बाहेर पडतच नाहीं. जें ऐकूंच आलें नाहीं तें वाजविणार कसें? ज्यानें बास शिकावयाची त्यानें आधीं कानाला लावण्याचें चांगलें यंत्र घ्यावें, आणि नवें गाणें हातीं धरण्यापूर्वीं त्यांतली बास आठ दिवस नुसती गुणगुणावी.

या चारहि कसोट्यांस उतरणारें गाणें म्हणून आम्ही बेन ई. किंग यानें गाइलेलें १९६१ चें ‘स्टँड बाय मी’ पुढें ठेवूं. त्याचा प्रारंभच बासनें होतो. गायक मागाहून येतो. मूळ मुद्रणांत ती ओळ उभ्या डबल बासवर वाजविलेली आहे, पण बास गिटारवर ती जशीच्या तशी बसते. आठ घरांचें एक आवर्तन, प्रत्येक घर चार मात्रांचें: पहिलीं दोन घरें ए या स्वरावर, पुढचीं दोन एफ-शार्पवर, मग एक घर डी, एक घर ई, आणि अखेरचीं दोन पुन्हां ए. हेंच आवर्तन कडव्यालाहि आणि ध्रुवपदालाहि. या चार आधारस्वरांपैकीं ए, डी आणि ई हे तीन तर मोकळ्या तारेवरच मिळतात. एफ-शार्पसाठीं तेवढें सर्वांत खालची तार दुसऱ्या पडद्यावर दाबावी लागते. म्हणजे याद्यांचें जें माप, जागा थोड्या असण्याचें, त्यालाहि हें गाणें उतरतें. पण तें येथें दुय्यम आहे.

मुख्य गोष्ट अशी कीं या थोड्या स्वरांतच बासचें सगळें शास्त्र सामावलेलें आहे. एका आधारस्वरावरून दुसऱ्याकडे जातांना मधल्या स्वरांची एकदोन पायऱ्यांची जिनेवजा चाल आहे. ती ऐकूं आली कीं पुढें काय येणार हें श्रोत्याला आधींच जाणवतें. घटना घडण्यापूर्वीं तिची चाहूल देणें ही चांगल्या कथालेखकाची कला, तीच येथें बासवादकाची. शिवाय मोकळ्या तारांचा एक धडा आहे. मोकळी तार बोटाशिवाय बोलते, म्हणून ती बोटाशिवाय गप्प बसत नाहीं. ए सोडून एफ-शार्पवर गेलें तरी ए मागें घुमत राहाते व दोहोंचा चिखल होतो. तो थांबविण्यासाठीं शिष्याला पहिल्याच गाण्यांत मौनाची संवय लावून घ्यावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, तीन मिनिटांच्या आंतलें हें गाणें दुसऱ्या महिन्यांत कोणा गाणाऱ्या मित्राबरोबर आरंभापासून शेवटपर्यंत वाजवितां येतें. त्या दिवशीं तो शिष्य उरत नाहीं. लहानसा कां होईना, पण साथीदार होतो.

यानंतर दुसरें गाणें म्हणून बारा घरांच्या ‘ब्लूज’चा सांगाडा असलेलें एखादें घ्यावें. ‘बुकर टी. अँड द एम.जी.ज’ या मेम्फिस शहरांतील मंडळीचें १९६२ चें ‘ग्रीन अनियन्स’ हें शब्दांवांचूनचें वादन त्या दृष्टीनें फार उपयोगी. बारा घरांचा हिशेब आपल्या स्वरनामांनीं असा सांगतां येईल: चार घरें षड्जावर, दोन मध्यमावर, दोन षड्जावर, एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचीं दोन पुन्हां षड्जावर. एकच छोटी आकृति आधारस्वराबरोबर जागा बदलीत जाते. या सांगाड्यावर अमेरिकन संगीतांत इतकीं गाणीं उभीं आहेत कीं एक शिकलें असतां पन्नासांची वाट मोकळी होते. अनुष्टुभ् छंद कानांत बसला म्हणजे अर्धें संस्कृत वाङ्मय चालीवर म्हणतां यावें तसें. शब्द नसल्यामुळें येथें शिष्याला गायकाच्या पाठीमागें लपतां येत नाहीं. आपण कितव्या घरांत आहों हें त्याला स्वतःच जाणावें लागतें.

तिसरें गाणें बॉब मार्ली व त्याच्या ‘वेलर्स’ मंडळीचें १९७७ चें ‘थ्री लिटल बर्ड्‌स’. ए, डी आणि ई हे तीनच आधारस्वर, आणि गति मिनिटाला सुमारें ७५ मात्रांची. येथें कोणी विचारील, जें सर्वांत सावकाश तें तिसरें कां, पहिलें कां नव्हे? कारण सावकाश म्हणजे सोपें, हीहि स्वर मोजणाऱ्यांसारखीच एक चूक आहे. गति जितकी कमी तितकें दोन मात्रांमधलें अंतर मोठें, आणि तें अंतर भरून काढण्याचा मोह अनावर. जमैकाच्या ‘रेगे’ पद्धतींत बासवादक ॲस्टन बॅरेट हा ओळीच्या मध्यें जी जागा मोकळी ठेवतो ती त्याच्या स्वरांइतकीच बोलते. ती मोकळी ठेवण्याचें धैर्य यावयास आधींचीं दोन गाणीं पचलीं पाहिजेत.

येथवर आमच्याशीं सहमत झालेला वाचकहि एक शंका काढील. शिष्याला जें गाणें आवडतें तेंच त्यानें प्रथम शिकावें. आवड नसेल तर कसोट्या काय चाटावयाच्या? या शंकेंत बरेंच तथ्य आहे. मनांतलें गाणें अर्धें शिकलेलेंच असतें, आणि नावडतें गाणें पुरें शिकूनहि विसरतें. म्हणून आम्ही असें सुचवूं कीं आवडीचें गाणें अवघड असेल तर तें सोडूं नये, उतरवून घ्यावें. पण उतरविण्याची रीत बरोबर असावी. मूळ ओळींतले अलंकार सारे गाळून प्रत्येक घराच्या पहिल्या मात्रेवर फक्त आधारस्वर द्यावा, आणि तो गाण्याच्या अखेरपर्यंत न चुकतां देत राहावा. हें नुसता ठेका धरण्यासारखें आहे. यांत लाज नाहीं. डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन याच्या ओळी अनुभवी हातांनाहि दमवितात. १९७१ च्या ‘व्हॉट्‌स गोइंग ऑन’ मधली त्याची ओळ तर वेलीसारखी वळणें घेत जाते. पण त्या गाण्याचे आधारस्वर नवशिक्यालाहि धरतां येतात, आणि धरतांना खालून तो जेमर्सन काय करीत आहे हें ऐकूं येऊं लागतें. याच्या उलट, त्या ओळीचीं पहिलीं दोन घरें हुबेहूब बसवून तेथेंच थांबणें म्हणजे श्लोकाचा एकच चरण पाठ करून काव्य आलें म्हणणें. काम राखून अलंकार गाळणें ही सोपी आवृत्ति. अलंकार राखून काम गाळणें ही नक्कल.

जेमर्सनचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्या हातानें ती वळणांची ओळ वाजविली त्याच हातानें १९६४ मध्यें ‘टेम्प्टेशन्स’ मंडळीच्या ‘माय गर्ल’चा प्रारंभ वाजविला, आणि तो इतक्या मोजक्या स्वरांचा आहे कीं कोणाहि नवशिक्याला तो तासाभरांत यावा. ज्याला सर्व कांहीं येत होतें त्यानें तेथें तेवढेंच वाजविलें, कारण गाण्याला तेवढेंच हवें होतें. सोपें म्हणजे खालच्या पायरीचें, ही समजूत येथें साफ कोलमडते. आपल्याकडे भूप हा पांच स्वरांचा राग विद्यार्थ्याला आरंभींच शिकविला जातो. म्हणून तो बालबोध राग आहे काय? किशोरी आमोणकरांचा भूप ज्यांनीं ऐकला आहे त्यांना या प्रश्नाचें उत्तर देण्याची गरज नाहीं. पहिला धडा असा असावा कीं विद्वान् झाल्यावरहि त्याकडे परत यावेंसें वाटावें. भातखंड्यांनीं आपल्या क्रमिक पुस्तकांच्या पहिल्या भागांत दहा थाटांचे दहा राग घेतले, त्यांतहि हीच दृष्टि आहे. त्यांत यमन आहे, भैरवी आहे, आणि हे राग कोणत्या मैफलींत उणे पडतात?

दुसरी शंका शिस्तीच्या पुरस्कर्त्यांची. ते म्हणतील, गाणीं हवींत कशाला? आधीं सहा महिने अलंकार घोटावे, बोटें तयार व्हावीं, मग गाणें. अलंकारांचें महत्त्व आम्हांस अमान्य नाहीं, आणि मेट्रोनोमच्या टकटकीबरोबर रोज घटकाभर एकच स्वर वाजविण्याइतका उपयुक्त अभ्यास दुसरा नाहीं असेंहि आम्ही म्हणूं. परंतु अलंकारांत साथ नसते. समोर कोणी गात नसतें, कोणी चुकत नसतें, कोणाला सांवरून घ्यावें लागत नसतें. बासचा सगळा धर्म दुसऱ्याकडे कान ठेवण्यांत आहे, आणि तो एकट्यानें घोटून येत नाहीं. पोहण्याचे हात जमिनीवर शिकवितां येतात. तरंगणें मात्र पाण्यांतच शिकावें लागतें.

आतां आपल्या मराठी विद्यार्थ्याचा स्वतंत्र प्रश्न. वर सांगितलेलीं गाणीं परक्या भाषेचीं. आपलीं गाणीं त्याला कां नकोत? तीं हवींतच, पण एक भेद ओळखून. आपलें भावगीत किंवा अभंग मुळांत एका चालीचा असतो. त्याच्या खालीं बदलते आधारस्वर नसतात, आणि खालच्या नादाची जागा तबल्याच्या डग्ग्यानें भरलेली असते. तेथें बास घुसली कीं डग्गा आणि ती एकाच दारांत एकमेकांना ढकलीत उभीं राहातात. अशा गाण्याला साथ करावयाची तर षड्ज आणि पंचम यांचे लांब स्वर समेवर ठेवावे आणि डग्ग्याला बोलूं द्यावें. याहून अधिक नवशिक्यानें करूं नये. चित्रपटगीतांची गोष्ट निराळी. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा भरणा मोठा होता. पाश्चात्य स्वरलिपि वाचण्यांत व वाद्यांची जुळणी करण्यांत ते तरबेज होते, आणि त्यांच्यामुळें हिंदी गाण्याच्या पायथ्याशीं बासची खरीखुरी ओळ आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत बास गिटार वाजविणारे टोनी वाझ हे त्यांपैकींच. या गाण्यांतील बास कान देऊन हुडकून काढावी व तिचे आधारस्वर धरावे. हा अभ्यास कोणत्याहि परक्या यादीपेक्षां आमच्या विद्यार्थ्याला अधिक मानवेल.

एवढ्या लहानशा गोष्टीसाठीं इतका खल कशाला, असें कोणास वाटेल. पण यांत एका लहान गोष्टीहून अधिक कांहीं पणाला लागलेलें असतें. जो शिष्य पहिल्या वर्षांत वीस गाण्यांचे वीस प्रारंभ जमवितो, त्याच्यापाशीं वर्षअखेर एकहि गाणें नसतें. चार मित्र जमले असतां त्याला पहिलीं दहा सेकंदें वाजवितां येतात, आणि पुढें तो थांबतो, कारण पुढचें त्यानें कधीं ऐकलेंच नाहीं. त्याला वाटतें कीं आपल्याला संगीत येत नाहीं. वास्तविक त्याला संगीत कोणी दिलेंच नाहीं, मासले दिले. मग वाद्य कोपऱ्यांत जातें. त्याहून वाईट म्हणजे त्याची अशी समजूत होते कीं बास म्हणजे दोन तारा कमी असलेली गरीब गिटार. आधार देण्यांतलें सुख, दुसऱ्याचें गाणें आपल्या हातावर तोलून धरण्यांतलें समाधान, हें त्याच्या वांट्याला येतच नाहीं. आणि तें एकदां आलें नाहीं म्हणजे पुढें ऐकतांनाहि त्याचे कान वरच्या चालीपाशींच घुटमळतात.

म्हणून शिकविणारांस आमची एवढीच विनंती कीं, यादी करतांना स्वर मोजणें त्यांनीं शेवटीं करावें. आधीं हें पाहावें कीं हें गाणें शिकल्यावर मुलगा दुसऱ्या कोणाबरोबर तें पुरें वाजवूं शकेल कीं नाहीं. शकत असेल, तर त्यांत दोन स्वर अधिक असले तरी चालतील. तो ते शिकेल. शकत नसेल, तर तीनच स्वरांचें असूनहि तें गाणें त्याच्यासाठीं अजून सोपें झालेलें नाहीं.